पाणी, जंगल, खनिज: सरकारी धोरणाच्या कामात शिरायचं असेल तर

सप्टेंबर संपत आला की नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत एकच प्रश्न ऐकू येतो: जायकवाडी किती टक्के? १५ ऑक्टोबरला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा (प्रत्यक्ष वापरता येणारं पाणी) ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या, म्हणजे नाशिक-अहिल्यानगरच्या, धरणांतून खाली पाणी सोडायचं का आणि किती, हा हिशेब सुरू होतो. पाणी सुटलं की वर आंदोलन, नाही सुटलं की खाली आंदोलन. बातम्यांमध्ये हा प्रादेशिक वाद म्हणून येतो. पण तो ६५ चा आकडा आला कुठून?

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात कलम १२(६)(ग) आहे. टंचाईची झळ सगळ्यांनी सारखी सोसावी, म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करावं, असं ते सांगतं. वाचायला सोपं, करायला महाकठीण. ते करायचं कसं, हे ठरवण्यासाठी मेंढेगिरी समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला. कायद्यातल्या एका वाक्यापासून धरणाच्या दरवाजापर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत कुणीतरी आवक मोजली, कुणी तक्ते केले, कुणी टिपण्या लिहिल्या, कुणी न्यायालयासाठी शपथपत्रं तयार केली. नैसर्गिक संसाधनांच्या धोरणात काम करणं म्हणजे या मधल्या माणसांपैकी एक होणं.

भूशास्त्रात एम.एस्सी. करताना असं काही काम असतं याची मला कल्पनाच नव्हती. पुढे गावपातळीवरची पाण्याची कामं, मग एका शासकीय प्रकल्पात कंत्राटी पद, मग विभागाच्या धोरण कक्षात काम, असा माझा प्रवास झाला. आता जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं-मुली विचारतात, "सर, सुरुवात कुठून करायची?" त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगतो, ते इथे सलग लिहितो आहे.

आधी संसाधन निवडा, मग दार

बहुतेक जण उलटं करतात. परीक्षा निवडतात, क्लास लावतात, आणि पद मिळाल्यावर विचार करतात की आपल्याला पाण्यात रस आहे की जंगलात. माझा आग्रह असा: सुरुवातीलाच एक संसाधन ठरवा. पाणी, वन, खनिज, जमीन, किनारा, जैवविविधता, यांपैकी एक. आयुष्यभरासाठी बांधून घ्यायचं नाही, पण पहिली तीन-चार वर्षं त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं.

निवडताना सत्ता कुणाच्या हातात आहे हे पाहा, कारण काम कुठे मिळेल हे त्यावर ठरतं. पाणी हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे; आंतरराज्यीय नद्यांचं नियमन मात्र केंद्राकडे. वने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली, म्हणून तिथे दिल्लीचा शब्द जड असतो. खनिजांचा मुख्य कायदा १९५७ चा आणि केंद्राचा, पण वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांचे नियम राज्य करतं आणि रात्री ट्रक अडवायला तहसीलदार जातो. पाण्याच्या धोरणात काम करायचं असेल तर मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर. खनिजात रस असेल तर नागपूर, कारण भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आणि राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय दोन्ही तिथेच आहेत.

तिसरी पातळी विसरू नका: ग्रामसभा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वन खात्याचा लागे आणि खातं तो देईना. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या वनउत्पादनात, स्पष्ट लिहिलेला असूनही दोन वर्षं गेली. २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. हक्क कायद्याने दिला होता, अडला होता एका परवान्याच्या पुस्तकावर. धोरणात काम करणाऱ्याला नेमकी ही जागा दिसायला हवी.

एक कायदा, त्याचे नियम आणि शंभर शासन निर्णय

निवडलेल्या संसाधनाचा मुख्य कायदा पूर्ण वाचा. मूळ मजकूर, मार्गदर्शिका नव्हे. व्याख्यांचं कलम तीनदा वाचा, कारण निम्मे वाद तिथेच असतात. विदर्भातल्या झुडपी जंगलाचं उदाहरण घ्या. महसुली दप्तरात जुन्या काळी पडलेली ही एक नोंद. तिच्यावर घरं झाली, शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच समजायच्या असा निर्णय दिला. एका शब्दाच्या अर्थावर कित्येक कुटुंबांच्या छपराचा प्रश्न टांगला होता.

कायद्यानंतर नियम, आणि नियमांनंतर शासन निर्णय. राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभागवार यादी मिळते. आपल्या विषयाचे शंभर निर्णय उतरवून घ्या आणि तारखेच्या क्रमाने लावा. ते असे वाचायचे:

सुरुवातीला क्रमांक असतो. त्यात 'प्र.क्र.' म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटी कार्यासनाची खूण. हा विषय मंत्रालयात कोणत्या टेबलावर आहे ते तिथेच कळतं. मग 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी येते. ती म्हणजे या विषयाची वंशावळ. तिच्यातला प्रत्येक कागद शोधा. प्रस्तावनेत कारण असतं, निर्णयात तरतूद. नंतर लेखाशीर्ष शोधा, म्हणजे पैसे कुठल्या खात्यातून येणार. लेखाशीर्ष नसेल आणि वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेखही नसेल, तर त्या योजनेकडे जपून पाहा. शेवटी 'प्रत' ची यादी: अंमलबजावणी कुणी करायची आहे हे तिथे दिसतं, आणि कुणाला विसरलंय हेही. वनहक्कासंबंधीच्या कागदाची प्रत आदिवासी विकास विभागाला गेली पण उपवनसंरक्षकाला गेली नाही, तर पुढे काय होईल याचा अंदाज तुम्ही घरबसल्या करू शकता.

शंभर निर्णय वाचून झाले की दहा ओळींचं टिपण लिहा: या विषयात गेल्या पंधरा वर्षांत काय बदललं, काय तसंच राहिलं, कोणती सूचना पुन्हापुन्हा दिली जाते. पुन्हापुन्हा दिलेली सूचना म्हणजे न झालेलं काम.

जे कागद संकेतस्थळावर नसतील ते माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी' असं मागा. शक्य असेल तिथे अभिलेख पाहणीची मागणी करा. कार्यालयात बसून नस्ती, म्हणजे फाईल, चाळताना ज्या गोष्टी कळतात त्या झेरॉक्सवरून कळत नाहीत.

आकड्यांशी ओळख

या क्षेत्रात एककं चुकली की माणसाचा शब्द गेला. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

आता परत जायकवाडीकडे या. धरणाची एकूण क्षमता २,९०९ दलघमी, त्यातला उपयुक्त साठा २,१७१ दलघमी. ६५ टक्के एकूण क्षमतेचे धरले तर सुमारे ६६.८ टीएमसी होतात. उपयुक्त साठ्याचे धरले तर सुमारे ४९.८. फरक जवळजवळ १७ टीएमसीचा. भाषणांत आणि बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. बैठकीत जो माणूस शांतपणे विचारतो, "हे एकूण की उपयुक्त?", त्याच्याकडे पुढच्या वेळी लोक वळून पाहतात.

दुसरा सराव गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचा. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिमी असेल, तर गावावर पडलं ६,००० टीसीएम. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच वाफ होतं, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात जमिनीत मुरणारा वाटा थोडाच. आता मागणी बघा. उसाला वर्षाला २,००० मिमी पाणी धरलं तर एका हेक्टरला २० टीसीएम. शंभर हेक्टर ऊस असेल तर २,००० टीसीएम. म्हणजे गावाच्या एक दशांश जमिनीवरचं पीक सगळ्या गावावर पडलेल्या पावसाच्या एक तृतीयांशाइतकं पाणी मागतं. हे गणित गावात, लोकांसमोर, फळ्यावर करा. त्यानंतर होणारी चर्चा कुठल्याही वर्गात ऐकायला मिळत नाही.

माझ्या पहिल्याच ताळेबंदाच्या वेळी एक आजोबा मागून म्हणाले, "बाळा, तुझ्या तक्त्यात आडवं बोअर कुठंय?" विहिरीच्या तळाशी आडवी भोकं पाडून शेजारच्या थरातलं पाणी ओढतात, हे मला पुस्तकातून माहीतच नव्हतं. माझ्या यादीत विहिरी होत्या, बोअर होते. विहिरीतलं बोअर नव्हतं. त्या दिवशी सगळे आकडे परत केले. प्रश्नावली तयार करणारा माणूस आधी शिवार फिरलेला असावा, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

सहा महिने एका तालुक्यात

म्हणून पुढची पायरी. पदवी झाली की, किंवा शेवटच्या वर्षाला असतानाच, एका तालुक्यात किमान सहा महिने सलग काढा. पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम भूजलावर, सोपेकॉम पाणीवाटप आणि पाणीवापर संस्थांवर, वॉटर अर्थात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट पाणलोटावर काम करते. अशा संस्थांत प्रशिक्षणं आणि क्षेत्रकामाच्या संधी असतात. संस्था मिळाली नाही तर आपल्याच तालुक्यात सुरू करा.

काय करायचं? तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, भूजल यंत्रणेचा कनिष्ठ भूवैज्ञानिक, कालव्यावरचा मोजणीदार यांच्यासोबत दिवस काढायचे. गावचा गट नकाशा, सातबारा आणि वनखात्याचा कक्ष नकाशा शेजारी शेजारी ठेवून सीमा जुळतात का ते पाहायचं. जुळत नाहीत तिथे तंटा असतोच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. एखाद्या फेरीत सोबत जा, टेप स्वतः सोडा. दहा वर्षांच्या नोंदींचा आलेख एकदा हाताने काढा.

खनिजाकडे कल असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान घ्या. २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांत ही प्रतिष्ठानं आली. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांकडून १० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात एका वर्षाची मंजूर कामांची यादी मिळवा आणि बाधित गावांच्या यादीशी ताडून पाहा. पैसा खाणीच्या धुळीतल्या गावाला गेला की दुसरीकडे, हे दोन याद्यांत समजतं. हे पान तुमच्या कोणत्याही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

गोव्याच्या वाचकांसाठी तर हा विषय घरचाच. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. आधी बंदी, मग नूतनीकरण, मग रद्द, मग लिलाव. हा क्रम तारखांसह मांडून प्रत्येक टप्प्यावर राज्यासमोर दुसरे कोणते पर्याय होते ते लिहून काढलंत, तर खनिज धोरणाचा अर्धा अभ्यासक्रम पुरा होतो.

आत जाण्याची दारं

दारं बरीच आहेत आणि सगळी स्पर्धा परीक्षेची नाहीत.

भारतीय वन सेवा हे वनधोरणातलं सर्वांत थेट दार. पूर्वपरीक्षा नागरी सेवेसोबत एकच असते, मुख्य परीक्षा वेगळी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय घेऊन पदवी, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. मुख्य परीक्षेत सहा पेपर, १,४०० गुण, वर मुलाखतीचे ३००. शेवटी चालण्याची चाचणी असते: पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, स्त्रियांना १४. प्रशिक्षण डेहराडूनला. राज्य पातळीवर लोकसेवा आयोगातून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येतं. वनक्षेत्रपालाच्या पदाला कमी लेखू नका. एका परिक्षेत्राची जबाबदारी तरुण वयात हातात येते आणि ते शिक्षण नंतर कुठेच मिळत नाही.

भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा पाहावी. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ या दोन्हींत जागा भरतात. आपल्याकडची भूशास्त्राची मुलं हिच्याकडे पुरेशी वळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्थापत्य अभियंत्यांसाठी जलसंपदा आणि मृद व जलसंधारण विभाग आहेत.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच सांगत नाही ते दार: मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी. राज्य लोकसेवा आयोगाची गट-ब परीक्षा, कोणत्याही शाखेची पदवी चालते. उपजिल्हाधिकारी व्हायचं स्वप्न हुकलं म्हणून लोक नाइलाजाने इथे येतात. पण नस्ती सुरू होते ती याच टेबलावर. पहिली टिपणी सहायक लिहितो, मग ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सचिव अशी मंत्र्यांपर्यंत चढते. वर प्रत्येक जण शेरा मारतो, पण विषय कसा मांडला जाईल हे बऱ्याचदा खालीच ठरलेलं असतं. तुम्हाला पाण्याची खरी समज असेल आणि तुम्ही जलसंपदेच्या कार्यासनात असाल, तर तुमच्या हातून होणारं काम मोठं आहे.

परीक्षेबाहेर: मुख्यमंत्री फेलोशिप. साधारणपणे २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव आणि मराठी उत्तम, अशा अटी असतात. कालावधी १२ महिने. दर वेळची जाहिरात नीट वाचा. दिल्लीतली खासदारांसोबत काम करण्याची 'लॅम्प' फेलोशिप २०१० पासून चालू आहे, पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी. संसदेचे प्रश्न, विधेयकांवरची टिपणं, स्थायी समितीचे अहवाल यांची सवय लावायला याहून चांगली जागा नाही. नीती आयोगात तरुण व्यावसायिकांची पदं आणि इंटर्नशिप निघते.

मग कंत्राटी पदं: जागतिक बँकेच्या साहाय्याचे कृषी-पाणी प्रकल्प, भूजलाच्या योजना, जिल्ह्यातले वनहक्क आणि पेसाचे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचे) समन्वयक. जाहिराती विभागांच्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर येतात, मुदत अनेकदा आठ-दहा दिवसांचीच असते. म्हणून अनुभवपत्रं, गुणपत्रकं, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपली म्हणून हातची संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पदव्युत्तर पदवी हवीच असं नाही, पण घ्यायची तर मुंबई आयआयटीचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 'सितारा', टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र, भोपाळची वन व्यवस्थापन संस्था, पुण्याची गोखले संस्था यांचा विचार करा. कायद्याची पदवी असेल तर सोन्याहून पिवळं. नकाशांसाठी क्यूजीआयएस शिका, ते फुकट आहे आणि दोन महिन्यांत हात बसतो.

सही कशावर करायची?

धोरण कक्षात आल्यावर मी पहिली टिपणी लिहिली ती अकरा पानांची. नकाशे, आलेख, परदेशातले दाखले, सगळं होतं. अवर सचिव बाईंनी ती पूर्ण वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अभ्यास छान केलाय तुम्ही. पण साहेबांनी यात सही कशावर करायची?"

मला उत्तर देता आलं नाही. अकरा पानांत एकही वाक्य असं नव्हतं ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल. त्या दुपारी बाईंनी मला शेजारी बसवून ती टिपणी दीड पानावर आणली. तो साचा मी आजही वापरतो.

पहिला परिच्छेद: विषय काय आणि तो आत्ता का आला. दुसरा: सध्याची तरतूद, कलम आणि शासन निर्णयाच्या तारखेसह. तिसरा: अडचण काय, शक्यतो एका खऱ्या गावाच्या उदाहरणाने. चौथा: पर्याय, दोन किंवा तीन, त्यातला एक 'आहे तसंच ठेवणं' हा. प्रत्येकापुढे खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, कोणाचं नुकसान होईल. पाचवा: शिफारस, एका वाक्यात. सहावा: वित्त, विधी व न्याय, महसूल यांपैकी कोणाचे अभिप्राय लागतील. शेवटी 'मान्यतेस्तव सादर'.

नुकसान कुणाचं, हा रकाना मुलं गाळतात. तोच सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा प्रत्येक निर्णय कुणाच्या तरी शेतातून पाणी काढून दुसऱ्याला देतो. ज्याचं जातं तो कोण, किती जमिनीचा मालक, त्याला दुसरा आधार काय, हे तुम्ही लिहिलं नाही तर नस्तीत ते कुठेच येणार नाही. सही करणाऱ्याला निदान माहीत असलं पाहिजे.

नोकरी लागायच्या आधीच असा सराव करा. दर पंधरा दिवसांनी एक टिपणी, दीड पान. विषय आपल्या तालुक्याचे: साठवण तलावातलं गाळ काढण्याचं काम कुणाकडे असावं, गावठाणालगतची वाळू ग्रामपंचायतीला मिळावी का, बिबट्याच्या नुकसानभरपाईला उशीर कुठे होतो. वर्षभरात चोवीस होतील. त्यातल्या पाच चांगल्या निवडा आणि अर्जासोबत जोडा.

पगार, घर आणि धीर

कंत्राटी काम अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चालतं. निधी अडकला की मानधन अडकतं. मला एकदा चार महिने मिळालं नव्हतं. तेव्हा खोलीचं भाडं मित्राने भरलं. म्हणून या वाटेने जाताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आणि घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांगितलेलं हवं. मुलींना घरून जास्त विरोध होतो, विशेषतः तालुक्यात एकटीने राहायला. अशा वेळी पहिल्या पदासाठी आपल्याच किंवा शेजारच्या जिल्ह्याचा विचार करणं शहाणपणाचं.

परीक्षेचे प्रयत्न मोजून ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: तीन प्रयत्न, आणि त्या काळात क्षेत्रकाम पूर्ण सोडायचं नाही. वयाची तिशी फक्त खोलीत बसून आलेल्या मुलाकडे परीक्षेव्यतिरिक्त दाखवायला काही उरत नाही. आठवड्याचे दोन दिवस शिवारात काढलेल्याकडे उरतं.

आणि दबाव येतो. वाळूच्या, खाणीच्या, पाण्याच्या कामात पैसा मोठा आहे, आणि 'एवढा आकडा जरा बदला' असं सांगणारी माणसं गोड बोलतात. तिथे एकच उपाय मला सापडला: मोजमाप दोघांनी मिळून करा, पंचनामा जागेवरच लिहा, जागेची खूण आणि तारखेसह फोटो काढा, आणि त्याच दिवशी नोंद कार्यालयात जमा करा. एकदा आवक-जावक रजिस्टरमध्ये गेलेला आकडा बदलणं कठीण असतं.

या महिन्यात काय करायचं

आज वाचताय त्या आठवड्यात संसाधन ठरवा. पुढच्या आठवड्यात त्याचा कायदा आणि पहिले वीस शासन निर्णय. तिसऱ्या आठवड्यात तलाठ्याला भेटून गावाचा नकाशा, आणि भूजल किंवा वन कार्यालयात एक चक्कर; फोन करून, वेळ घेऊन, हातात लेखी विनंती घेऊन जा. चौथ्या आठवड्यात पहिली टिपणी.

आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जो दिवस पुढे येतोय त्या दिवशी आपल्या गावच्या ग्रामसभेला जा. मागच्या रांगेत बसा. विषयपत्रिकेवर पाणी, जंगल, वाळू, गायरान यातलं काय आलं, कोण बोललं, कोण बोललं नाही, आणि शेवटी इतिवृत्तात काय लिहिलं गेलं, हे वहीत उतरवा. मग पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन इतिवृत्ताची प्रत मागा आणि आपल्या वहीशी ताडून बघा.